बावन्न दगडी खुंट

लालबाग,
शनिवार, दुपारी पावणेदोन

प्रिय मालन,

माझं सगळं बदललं ते एका घंटीमुळे. तुझ्या बाबांच्या सायकलची घंटी रोज पहाटे दोनदा वाजते. एकदा आपल्या गल्लीच्या तोंडाशी, आणि दुसऱ्यांदा पुढच्या पिंपळापाशी, तिथल्या हॉटेलवाल्याला कळावं म्हणून की सीताराम बॉयलरवाला गेला, आता दुकानाच्या फळ्या काढायला हरकत नाही. बंदच्या सकाळी पावणेसहाला पहिली घंटी वाजली. दुसरी वाजली नाही. त्याला आज दहा दिवस झाले, आणि मी अजून दुसरीची वाट बघतोय.

खोलीत मी एकटाच आहे. आई हॉस्पिटलात तुझ्या आईपाशी बसायला गेली आहे. चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये वॉर्डाची सभा आहे, आणि परळच्या रस्त्यावर सायकलींची पट्टी वेगळी राखणारे आपले बावन्न खुंट ठेवायचे की उपटायचे ते तिथे ठरणार आहे. खुंटांना पहिल्यापासून विरोध करणाऱ्या दादरच्या वकिलांनी काल वाटलेलं पत्रक माझ्यासमोर आहे. त्यात तुझं नाव छापलंय, 'जखमी कामगाराची कन्या' असं. तू उभी राहून सांगणार आहेस की खुंट उपटा. तू सांगितलंस की कुणी वर बोट करणार नाही, हे वकिलांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून सभेच्या आधी तुला हे लिहितोय. मधेच वाचायचं सोडू नकोस. माझ्या डोक्याची तुला सवय आहे, ते सरळ चालत नाही, पण शेवटी पोचतं.

तुला आमचा गणपतदादा आठवतो ना. दोन वर्षांपूर्वी दुसरी पाळी सुटल्यावर परळच्या वळणावर त्याच्या सायकलचं पुढचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं, आणि मागे शीवकडून येणारी लॉरी होती. त्या लॉरीवाल्याला मी बघितलं होतं, म्हातारा माणूस, फूटपाथवर बसला होता. मी त्याला मारायला धावलो आणि चार जणांनी मला धरलं. दादाचं ते चाक अजून आमच्या भिंतीवर टांगलेलं आहे. आई ते काढू देत नाही. लिहिताना मान वर केली की तेच दिसतं.

मी कॉलेज का सोडलं ते सगळ्यांना वेगवेगळं सांगितलंय. तुला खरं सांगतो. दादा गेल्यावर महिन्याभराने आमचे एक प्राध्यापक वर्गात सहज म्हणाले की हे गिरणीचे सायकलवाले मरतात, कारण त्यांना रस्त्याची शिस्त नसते. मी उठलो, पुस्तक त्यांच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर आलो. परत गेलो नाही. बाहेर आल्यावर कळलं की मला उत्तर देता आलं नव्हतं, नुसतं आपटता आलं होतं. माझं सगळं असंच आहे बघ. आधी हात चालतो, मग डोकं.

उत्तर मिळालं ते महालक्ष्मीला. रेसच्या मैदानाबाहेर उभा होतो, आत घोडे पळत होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरा कठडा होता. घोड्यांना कठडा आहे आणि पाळी सुटल्यावर पळणाऱ्या माणसांना नाही. संध्याकाळी गंगुबाईच्या खाणावळीत हे मी तावातावानं बोललो. तू तिला भाकऱ्या थापायला मदत करत होतीस. गंगुबाई म्हणाली, "कालेज सोडून आता रस्त्याला काकणं भरतोस काय रे रामदासा?" सगळे हसले. तू हसली नाहीस. पिठाच्या हातानं केस मागे सारून विचारलंस, पण नुसता पांढरा पट्टा मारला तर चालणार नाही का. मी म्हटलं, पट्ट्यानं लॉरी थांबते का? तू म्हणालीस, मग दगड लागेल. त्या वाक्यापासून मी तुझा झालो. लोकांना चंद्र वगैरे लागतो. मला दगड पुरला.

मग तीन महिने आपण अर्ज घेऊन फिरलो. काळाचौकी, डिलाईल रोड, एक चाळ सोडली नाही. सही येत नाही त्यांच्यासाठी तुझ्याकडे शाईची डबी होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा अंगठा धरून तू कागदावर टेकवायचीस, आणि मी दारात उभा राहून त्या अंगठ्यांवर जळायचो. डिलाईल रोडच्या भिवानं सही केली तेव्हा काय म्हणाला आठवतं? "आमच्या वस्तीत पहिल्यांदाच कुणीतरी मतं सोडून दुसरं काही मागायला आलं." भिंतीभिंतीवर तेव्हा मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे असं लिहिलेलं होतं. मला वाटायचं, ते मोठं राज्य येईल तेव्हा येवो, तोवर एक पाच फुटांची पट्टी तरी आपली होऊ दे.

मुंबईचं द्वैभाषिक राज्य आलं त्याच महिन्यात सभा झाली. किती भांडलो आपण त्या हॉलमध्ये. वकील म्हणाले, रस्ता मोटारीच्या टॅक्सावर बांधलाय. धान्याचा व्यापारी म्हणाला, माझ्या पोत्यांच्या गाड्या काय उडत येणार? पोलीस इन्स्पेक्टर म्हणाले की हे खुंट आणि साखळ्या उद्या मोर्चेवाल्यांच्या हाती सापडतील आणि माझ्या माणसांच्या वाटेत येतील. मी ओरडलो, तुम्हाला मोर्चाशिवाय दुसरं स्वप्न पडतं की नाही. हॉल हसला. आज ते हसणं मला पुन्हा ऐकू येतं.

आणि सगळ्यात मोठ्यानं विरोध केला तुझ्या बाबांनी. मागच्या बाकावरून उठून म्हणाले, "आमी काय गुरां? आमका दावणीक बांधतास? पंचवीस वर्सां सायकल चालवतंय मी, कोणाक धडाकलंय नाय." तू लाजेनं खाली बघत होतीस. मला मात्र ते त्या क्षणी सगळ्या हॉलपेक्षा मोठे वाटले.

शेवटी अडलं ते गणपतीवर. मंडळाचे बाबुराव उठले. सावकाश चष्मा पुसला आणि म्हणाले, भादव्यात आमचा गणपती साखळीवरून उडी मारून जाणार का? सगळा हॉल त्यांच्या बाजूनं झाला. दोन खुंटांमध्ये कायमची साखळी जोडायची हे इंजिनियरांनी ठरवलं होतं. मी उठलो आणि म्हणालो, साखळीला आकडा ठेवा. मिरवणूक असेल, कुणाची अंत्ययात्रा असेल, बंब यायचा असेल तेव्हा काढायची आणि नंतर परत अडकवायची. बाबुरावांनी टाळी वाजवली. सभा आपण जिंकली ती त्या आकड्यामुळे. तू बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणालीस, तुला डोकंही आहे म्हणजे. त्या रात्री मला झोप आली नाही. ती माझी अक्कल होती, मालन. हे ध्यानात ठेव.

डिसेंबरात खुंट बसले. तीन महिने बघू, मग ठरवू, असं पालिकेनं सांगितलं. पहिल्या दिवशी पाळी सुटली तेव्हा आपण दोघं पिंपळाखाली उभे होतो. शेकडो सायकली त्या पट्टीतून गेल्या, एकामागे एक, आणि बाहेरून लॉऱ्या जात होत्या, आणि कुणी कुणाला शिवलं नाही. भिवा हात सोडून गेला, तुला दाखवायला. तुझे बाबा मात्र हट्टानं रुळांच्या कडेनंच जायचे. तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं, की गिरणीत जाईन तर साखळीच्या आतून, रस्ता मोकळा असो की भरलेला. हे तूच मला सांगितलंस. केवढी खूष होतीस.

आता बंदचं. गेल्या जानेवारीत गोळीबारात माणसं गेली, त्याला वर्ष झालं म्हणून गिरणगावानं बंद पाळायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी तू खाणावळीच्या दारात भेटलीस. आपण पाच मिनिटं बोललो असू. तू बरंच काही सांगत होतीस. शाई तुझ्या अंगठ्यावर पुन्हा लागली होती, बंदच्या पत्रकांवर शिक्के मारले होतेस म्हणून, आणि मी त्या निळ्या डागाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो की उद्याचा दिवस निघाला की हिच्या बाबांना विचारायचं. तुझं बोलणं कानावर पडत होतं. ऐकत मी नव्हतो. तू काय म्हणालीस ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, शब्द न् शब्द. तू म्हणालीस, "बाबा उद्याही जाणार. युनियननं चिठ्ठी दिलीय. बॉयलर एकदम थंड पडला तर चिरा जातात, निखारा राखायला माणूस लागतोच."

हे काय तू सांगायला हवं होतं? गिरणगावात जन्मलेल्या कुणालाही ठाऊक असतं. संप असो, बंद असो, बॉयलरचा माणूस जातो. त्याला कुणी अडवत नाही, कुणी फितूर म्हणत नाही. दादा असताना मीच कितीदा बंदच्या दिवशी तुझ्या बाबांना डबा नेऊन दिलाय. आणि तरी मी विसरलो.

बाबांना हातगाडीवर घालून मी पोलिसांच्या मधून हॉस्पिटलात नेलं, हे सगळी चाळ सांगते. रामदास जिवावर उदार झाला म्हणतात. तुझ्या आईनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. तुझ्या घरात मला बाबांच्या पाटावर बसवून चहा दिला. मी तो प्यायलो. तुझ्यासमोर प्यायलो.

चौथ्या दिवशी तू पाणी आणायला गेलीस तेव्हा त्यांनी डोळे उघडले होते. मी एकटाच होतो कॉटपाशी. त्यांनी मला ओळखलं. ओठ हलले म्हणून मी कान खाली नेला. अगदी स्पष्ट म्हणाले, "साखळी आडवी होती रे झिला." रागानं नाही. नवल वाटल्यासारखं, चांगली बांधलेली भिंत एका सकाळी दुसरीकडे दिसावी तसं. तू तांब्या घेऊन धावत आलीस, विचारलंस बाबा काय म्हणाले. मी म्हटलं, पाणी मागत होते. त्यानंतर ते बोललेले नाहीत. डॉक्टर म्हणतात, उद्याचा दिवस निघाला तर पुढचं बघू.

इकडे रस्त्यावर काय चाललंय ते तुला माहीत नसेल, तू तिथून हलत नाहीस. ज्या खुंटावर बाबांचं डोकं आपटलं त्याला कुणीतरी शेंदूर फासलाय. एकतिसावा खुंट. बायका त्याच्यासमोरून जाताना पदर ओढून घेतात. लोक म्हणतात, अंधारात सायकल त्याच्यावरच धडकली, तो माणूस मागतो, एक घेतल्याशिवाय राहणार नाही. ज्या लोकांनी अर्जावर अंगठे दिले तेच हे म्हणतात. परवापासून पट्टीत कुणी शिरत नाही. पुन्हा सगळे रुळांच्या कडेनं जातात, लॉऱ्यांच्या मधून. मी भिवाला हात धरून थांबवलं, म्हटलं आतून जा. तो म्हणाला, "तुमच्या खुंटाला शेंदूर लागला रामदास, तो आता देव झाला. आम्ही दीक्षा घेऊन आत्ताच देव सोडलेत." हसला आणि गेला. काल संध्याकाळी लॉरीनं त्याच्या हँडलची एक बाजू उडवली. हात वाचला, कसा ते त्यालाही सांगता येत नाही. मी फूटपाथवर उभा राहून ते बघितलं. ब्रेकचा तो आवाज मी दोन वर्षांपूर्वीही ऐकलाय.

खुंटानं काही केलेलं नाही, मालन. खुंट जिथे होता तिथेच होता.

आता लिहितो. त्या पहाटे पाच वाजता आम्ही तीनचार जण रस्त्यावर होतो. पोलिसांच्या लॉऱ्या येऊ द्यायच्या नाहीत असं ठरलं. दिवे फोडले. मग मीच म्हटलं, साखळ्या आहेत की. आकडा कसा दाबून फिरवायचा ते लोहारानं मला दाखवलं होतं. आम्ही साखळ्या काढल्या आणि एकमेकींत अडकवून रस्त्यावर आडव्या ताणल्या, खुंटापासून पलीकडच्या ट्रामच्या खांबापर्यंत. झालं होतं तेवढ्यावर. पण पट्टी उघडी राहिली होती आणि माझं डोकं चाललं. म्हटलं, लॉरी अडेल, पण फटफटीवाला पोलीस पट्टीतून घुसेल. म्हणून एक साखळी मी एकतिसाव्या खुंटापासून फूटपाथवरच्या दिव्याच्या खांबाला बांधली, छातीच्या उंचीवर, चांगली ताणून. माझ्या हातांनी. दुसऱ्या कुणाचा त्या साखळीला हात लागला नाही. बाकी कोण होते ते मी कुणालाच सांगणार नाही, तूही विचारू नकोस.

मग गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. पहिल्यांदा मला काही वाटलं नाही, रोज वाजते तशी वाजली. आणि मग तुझं आदल्या संध्याकाळचं वाक्य आठवलं. मी धावलो. ओरडलो सुद्धा, पण त्यांना वाटलं असेल कुणी पोरं घोषणा देतायत. अख्खा रस्ता मोकळा होता, मालन. ट्राम नव्हती, लॉरी नव्हती, कुत्रं नव्हतं. ते मधूनच गेले असते तरी रस्त्यावरच्या साखळीपाशी थांबले असते, ती आम्ही पांढऱ्या चिंध्या बांधून दिसेल अशी केली होती. ते पट्टीतून आले. साखळीच्या आतून. तुला दिलेलं वचन पाळत.

सोबतचे पळाले. मी पळालो नाही, पण जे केलं ते पळण्यापेक्षा वाईट आहे. ते पडलेले होते, घशातून आवाज येत होता, आणि मी आधी साखळी सोडवली. आकडा दाबला, फिरवला, नेऊन जागेवर अडकवली, खुंटाखुंटात, जशी रोज असते तशी. मग त्यांना उचललं. आधी साखळी, मग ते. त्यात किती वेळ गेला मला माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, पडल्यावर लगेच आणलंत ना. मी हो म्हटलं.

रघु काल संध्याकाळी येऊन बसला होता. लहानपणापासूनचा मित्र, त्याच्यापासून लपत नाही काही. तो म्हणाला, "गप बस. खुंट गेले तर गेले, दगडच आहेत. तू बोललास तर इन्स्पेक्टर म्हणेल, बघा, मी सांगत होतो. वर्तमानपत्रात येईल, संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी आपलाच कामगार मारला. तुझ्या एकट्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून चळवळीला काळं फासतोस?" मग म्हणाला, "आणि ती तुझ्या तोंडावर थुंकेल, ते वेगळं." मी त्याला काही आपटलं नाही, मारलं नाही. तो म्हणतो ते सगळं खरं आहे. पण खुंट नुसते दगड नाहीत. ते गेले तर पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी भिंतीवर आणखी एक चाक टांगलं जाईल, आणि ते मी टांगलेलं असेल.

हे पत्र मी माफीसाठी लिहिलेलं नाही. तुझे बाबा बरे झाले तरी ती मागायला मी येणार नाही. हे लिहिलं कारण चार वाजता तू उभी राहशील आणि खुंटांनी बाबांना मारलं असं सांगशील, आणि ते खोटं असेल. तू आयुष्यात खोटं बोललेली नाहीस, आणि माझ्यामुळे पहिल्यांदा बोलावंस, तेही न कळता, हे मला बघवणार नाही. गंगुबाई तीन वाजता डबा घेऊन हॉस्पिटलात जाते. पत्र तिच्या हाती देतोय, म्हणजे निघण्याआधी तुला मिळेल. सभेला येऊ नकोस. बाबांपाशी बस. तुझ्या जागी मी उभा राहीन आणि साखळी कुणी बांधली ते सांगेन. इन्स्पेक्टर समोरच बसलेले असतील, त्यांना लांब जावं लागणार नाही. आकडा काढून साखळी कायमची जोडून टाका, एवढंच मागेन. मिरवणूक थांबली तर थांबू दे. बाबा पुन्हा बोलले तर त्यांना सांग की साखळी आडवी होती हे खरं आहे, आणि कुणी केली तेही सांग. आईसाठी दोन ओळी लिहून चाकाखाली ठेवल्या आहेत. अडीच वाजले. चप्पल घालतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो. कुलूप लावत नाही, आईकडे किल्ली नाही.

आजच्या दिवसापुरता तरी तुझाच,
रामदास